पाण्यातून काढल्याशिवाय

मशीनच्या मते तिला बोट नव्हतं. उजव्या हाताची तर्जनी तिनं सांगितल्याप्रमाणे काचेवर ठेवली होती, ना फार हलकी ना फार दाबून, आणि काचेखालचा हिरवा उजेड एकदम लाल झाला. पडद्यावर अक्षरं उमटली, कृपया बोट ठेवा. "ठेवलंय की," ती म्हणाली, मशीनलाच, आणि मग ओशाळून काउंटरमागच्या चष्मेवालीकडे बघून हसली. चष्मेवाली हसली नाही, पण रागावलीही नाही. "पुसून पुन्हा ठेवा." तिनं बोट रुमालाला पुसलं. लाल. मग मधलं बोट, मग अंगठा, मग डावा हात. "कपाळावर घासा," चष्मेवाली म्हणाली, "कपाळाला थोडं तेल असतं, त्यानं कधी कधी लागतं." तेव्हा त्या भरल्या हॉलमध्ये, मागे रांग ताटकळत असताना, चाळिशी ओलांडलेली एक बाई दहाही बोटं स्वतःच्या कपाळावर घासत उभी राहिली, कपाळावरचं कुणाचं तरी खराब अक्षर खोडून काढत असल्यासारखी. लाल. "काम काय करता?" "नर्स आहे." "तरीच," चष्मेवाली म्हणाली. "तुमचं असंच असतं. तुमचं, नाहीतर भांडी घासणाऱ्यांचं. साबणानं रेघा झिजून जातात. दोन-तीन आठवडे पाण्यात हात घालू नका, ते हातावर चोळायचं औषध तर अजिबात नको. तेल लावा, क्रीम लावा. कातडी वेडी असते, येते परत. मग या." "आणि नाही आली तर?" "तर वरच्यांकडे पाठवावं लागतं. तेही होतं. वेळ लागतो फक्त."

फक्त. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. तिच्याजवळ दुसरं सगळं होतं, वेळ तेवढा नव्हता. तिकडे, आपल्या गावी, ती सिस्टर होती. वॉर्डात शिरली की नातेवाईक खुर्चीतून उठायचे. इकडे आली ती मदतनीस म्हणून, कारण तिकडची परीक्षा इकडे चालत नव्हती आणि इकडची व्हायला वर्षं लागणार होती. मदतनिसाच्या व्हिसावर एकट्यानं यायचं असतं. नर्सच्या व्हिसावर लेकराला आणता येतं. म्हाताऱ्यांची अंगं पुसता पुसता तिनं ती परीक्षा दोनदा नापास होऊन शेवटी काढली, वृद्धाश्रमानं नर्स म्हणून कागद दिला, पैसे भरले, छातीचा फोटो झाला, बोटांचे ठसे तेवढे राहिले. ठसे दिले की अर्ज पुरा. आणि तिची लेक, बारकी, ह्या मोसमाअखेर अठरा पुरी करत होती. अठरा झाली की लेकरू हे लेकरू राहत नाही, असा इकडचा कायदा होता. कायद्याला बहुधा लेकरं नसावीत.

तिनं बोटं खिडकीच्या उजेडात धरली. इतकी वर्षं ती ह्या बोटांनी दुसऱ्यांकडे बघत आली होती, त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. टोकं गुळगुळीत झाली होती, नदीतल्या खड्यासारखी, आणि त्यांच्या मागे सांध्यांवर मात्र भेगा, खरखर, सोललेली किनार. म्हणजे जिथे रेघा हव्यात तिथे नाहीत आणि नकोत तिथे ढीगभर. आता आठवायला लागलं की सगळं आठवत गेलं. आश्रमाच्या मागच्या दारावरचं हजेरीचं यंत्र गेले कित्येक महिने तिचा अंगठा घेत नव्हतं. "ह्याला सर्दी झालीय, वास येत नाही माणसाचा," असं म्हणून ती हसायची आणि पहारेकरी दार आतून उघडायचा. फोन बोटानं उघडेना तेव्हा तिनं फोनला शिव्या घातल्या होत्या. म्हणजे ती पुसली जात होती आणि दरवेळी दोष मात्र यंत्राचा. मागच्या खेपेला घरी गेली होती तेव्हा बारकीच्या डोक्यावरून हात फिरवताना केस बोटांत अडकले होते. "आई, थांब, ओढतंय," बारकी म्हणाली होती, आणि मान अशी हळूच बाजूला घेतली होती की राग यावा असं त्यात काही नव्हतं. नम्रपणे घेतली होती. पाहुण्याच्या हातून घ्यावी तशी.

आश्रमात शिडीनं बातमी ऐकली आणि हातातली चादर टाकून ती पोट धरून हसली. शिडी म्हणजे तिच्यासारखीच कुठून कुठून आलेली, दारातून वाकून शिरणारी नर्स. आश्रमातल्या वरच्या फळ्यांवरचं सगळं तीच काढायची म्हणून ते नाव. "अगं, मग आता वाट कसली बघतेस? एखादी बँक लूट! कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही. त्या मुख्य बाईचा गळा दाबायचा असेल तर आत्ताच दाब, दोन-तीन आठवड्यांनी ठसे परत आले की पंचाईत." ती पण हसली, हसू थोडं जास्तच झालं, मग डोळे पुसायला हात वर नेला आणि शिडीनं तो मधेच धरला. "डोळ्यातलं पाणीसुद्धा नको. खारट असतं." मुख्य बाई म्हणजे आश्रमाची मेट्रन, वाईट बाई नव्हती, फक्त तिच्या डोक्यात सगळी माणसं पाळीच्या चौकटीत बसवलेली असायची. तिनं चौकटी हलवून पाहिल्या. अंघोळी शिडीला, जखमा दुसरीला. "आणि तू बसायचं," म्हणाली. "कुणाजवळ?" "जिन्याशेजारच्या खोलीत. त्यांना हल्ली एकटं ठेवता येत नाही. नुसतं बसायचं, हात लावायचा नाही, लावलास तर धुवावा लागेल." नुसतं बसायचं. तिला आयुष्यात कुणी असं काम दिलं नव्हतं. माहेरी माई, तिची थोरली बहीण, म्हणायची, रिकामा हात आणि रिकामा गडवा, दोन्ही वाजतात.

जिन्याशेजारच्या खोलीत टेलरबाई होत्या. नजर गेलेली, पाय गेलेले, माणसांची नावं गेलेली. बोटं तेवढी राहिली होती. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, आता दिवसभर पांघरुणाची किनार चिमटीत धरून इंचाइंचानं पुढे सरकवायच्या, शिलाई तपासत असल्यासारख्या. कुणी जवळ आलं की हात पुढे करायच्या, आलेल्याची बोटं अंगठ्यानं चोळायच्या आणि कापड ओळखावं तसं माणूस ओळखायच्या. शिडी रेशमी. मुख्य बाई तागाची. डॉक्टरला त्या अस्तर म्हणायच्या, का कुणास ठाऊक, पण म्हटल्यावर सगळ्यांना पटलं होतं. आणि तिला जाडंभरडं. "जाडंभरडं आलं का? ये गं. टिकतं हे. बाकीच्यांचा एका धुण्यात चोथा होतो." पहिल्यांदा तिला राग आला होता. मग रागाची सवय झाली आणि मग त्या हाकेशिवाय पाळी सुरू झाल्यासारखं वाटेना. अन्नाचा घास तिच्या हातून घेतला की टेलरबाई गिळायच्या, दुसऱ्याच्या हातून घेतला की गालात धरून ठेवायच्या. ह्याला काही कारण नव्हतं. असलंच तर ते बोटांत होतं.

आता ती सुती हातमोजे घालून, आत तेल चोपडून, त्यांच्याजवळ बसायची आणि घास शिडी भरवायची. मोज्यांच्या आत बोटं घामेजून, भिजल्यासारखी, पोटातल्या मुलासारखी पडून असायची. बसल्या बसल्या हातांना काही काम नसलं की डोक्याला लागतं. तिला सारखी ती निघण्याची दुपार आठवायची. लोकांना वाटतं असं निघताना मूल पदराला धरून रडतं, आईचा पाय निघत नाही. तसं काही झालं नव्हतं. बारकी दुसरीत होती. उंबऱ्यावर बसून पेन्सिलीला टोक करत होती, नवं टोकयंत्र होतं, पातळ साल न तुटता लांबच लांब काढायची तिची जिद्द चालली होती. "आई चालली," माई म्हणाली. "हं," बारकी म्हणाली आणि वर न बघता हात हलवला, पेन्सिलीसकट. आणि तिला, आईला, काय वाटलं होतं? बरं वाटलं होतं. चला, रडली नाही, सुटलो. त्या बरं वाटण्यावर ती इतकी वर्षं मधूनमधून अशी ठेचकाळत होती, जसा अंधारात माहीत असलेल्या पायरीवरच पाय चुकतो. रडली असती तर आज ती आठवण कामाला आली असती. साल मात्र शेवटी तुटलंच असणार. ते तिनं बघितलं नव्हतं, माईनं बघितलं असेल.

माईनं सगळंच बघितलं होतं. दात पडलेले, दात आलेले, ताप, शाळेतली मारामारी, पहिल्यांदा कपड्यावर डाग पडला तेव्हा न्हाणीघरात कोंडून घेतलेली पोर. ते तिला फोनवर कळलं होतं, तेही माईकडून, तेही "झालं एकदाचं, काळजी नको" अशा थाटात. बारकीला नवरा-बायकोच्या भांडणात न ओढता वाढवायची हे दोघी बहिणींनी ठरवलं होतं आणि ते सोपं गेलं, कारण बारकीचा बाप हिशेबात धरायचा नाही हे त्यांनी त्याच्या आधीच ठरवून टाकलं होतं. माईनं लग्न केलं नाही. "तुझं बघून हौस फिटली," म्हणायची. दुपारच्या सुटीत फोन लावला की पडद्यावर आधी माईचं अर्धं कपाळ यायचं, मग छत, मग माई. "दाखव बोटं," माई म्हणाली. तिनं मोजे काढून बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. "काही दिसत नाही." "फोनमधून दिसायला तू काय मशीन आहेस?" "मशीनलाही दिसलं नाही, मग माझं काय? चोळ, चोळ. तेल गरम करून चोळ. तेवढं तू कर, बाकीचं मी बघते." "बाकीचं म्हणजे काय गं माई?" "म्हणजे हिची बॅग. गरम कपडे. काय काय लागतं ते." आणि मग, उगाच मोठ्यानं, "मला काय, मी मोकळी होईन. गाद्या उन्हात घालीन. हिच्या पुस्तकांनी कपाट अडलंय, ते रिकामं होईल." मागे कुठेतरी बारकी होती, तिची पाठ दिसत होती, वेणी माईनं घातलेली. "बारके," तिनं हाक मारली, "आता आपण छान तयारी करायची हं? घाबरायचं नाही, हळूहळू एकेक करायचं, हो की नाही?" पाठ वळली नाही. "आई," बारकी शांतपणे म्हणाली, "मी म्हातारी नाहीये." माई खो खो हसली. तीही हसली. फोन ठेवल्यावर मोज्यात हात घालताना तिला कळलं की आपला तो आवाज, वर्षानुवर्षं कामासाठी तयार केलेला, गोड, पुढचा माणूस अर्धा मेलेला आहे असं धरून चालणारा, आता काढून ठेवता येत नाही. तोही बोटांसारखाच घासला गेला होता.

आणि तरी रेघा येऊ लागल्या. आधी करंगळीवर, कुणी न वापरलेल्या बोटावर आधी, मग बाकीच्यांवर. फिकट, वाळूवर वाऱ्यानं काढाव्यात तशा. सकाळच्या उजेडात बोट तिरकं धरलं की भोवरा दिसायचा. तिला आनंद झाला आणि आनंदाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. ही बोटं कुणाची? इतकी मऊ, फुगीर, आयतं बसल्या जागी तेल पिऊन माजलेली. नाडी बघायला तिनं स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी लागली, पण दुरून, गादीखालून लागावी तशी. गुळगुळीत झिजलेल्या बोटांना ती पटकन लागायची. म्हणजे कामाला ती बोटं बरी होती आणि सरकारला ही. दोघांना एकाच वेळी पसंत पडेल असा हात कुणी घडवायचा?

त्या दुपारी शिडी दुसऱ्या खोलीत अडकली होती. टेलरबाईंनी हात पुढे केला, हवेत चाचपडला. आता काय, उद्याच तर जायचंय, असं म्हणून तिनं मोजा काढला आणि आपला हात त्यांच्या हातात दिला. टेलरबाईंनी अंगठा फिरवला. एकदा, मग उलट्या दिशेनं. चेहरा मिटला. "कोण?" "मीच. जाडंभरडं." "छट्." त्यांनी तिचा हात सोडला नाही, लोटला. "ती कुठे गेली? तिला घालवलंत ना? मला न विचारता घालवलंत. ती माझी होती." "अहो बाई, मीच ती, आवाज ऐका की." "आवाज सगळ्यांचे सारखेच असतात इथे," टेलरबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्या रडल्या नाहीत. तोंड भिंतीकडे करून पडून राहिल्या, आणि शिडीनं आणलेलं, ठसका लागू नये म्हणून दाट केलेलं पाणी त्यांनी गालात धरलं आणि तसंच उशीवर सोडून दिलं. ती माझी होती. दिवसभर ते वाक्य तिच्यामागून फिरत राहिलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला हळूहळू माईचा आवाज आला. माई असं कधी म्हणणार नाही. माई गाद्या उन्हात घालील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली ती हात खिशात घालून, काचेचं सामान न्यावं तशी. बसमध्ये दांडी धरली नाही. दोनदा लोकांच्या अंगावर गेली, शिव्या खाल्ल्या. हॉलच्या दारापाशी आली, दार खांद्यानं ढकललं, आणि आत पाऊल टाकताना तिच्या उजव्या कोपरानं भिंतीवरची बाटली दाबली. तिनं नव्हे, कोपरानं. दारातून आत शिरताना बाटली दिसली की कोपर दाबतं, तळवे पुढे येतात, एकमेकांवर फिरतात, बोटांच्या बेचक्यांतून जातात, टोकं तळव्यात घासली जातात. हे इतक्या वर्षांत इतक्या हजार वेळा झालं होतं की त्याला मनाची गरज उरली नव्हती. गार झाल्यावर तिला कळलं. तो तीव्र, स्वच्छ वास नाकात गेला आणि ती हॉलच्या दारात, हात पुढे धरून, प्रसाद घ्यायला उभी राहिल्यासारखी उभी राहिली. तीन आठवड्यांचं तेल, मोजे, टेलरबाई, सगळं त्या वासाबरोबर हवेत उडत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे व्हा की बाई." ती पुढे झाली. करणार काय?

चष्मेवालीनं तिला ओळखलं. "आलात? दाखवा." तिनं हात दाखवले आणि वास चष्मेवालीपर्यंत गेला. चष्मेवालीनं चष्मा वर सरकवला. "हे काय? दारातलं लावलंत?" "लागलं." "सांगितलं होतं ना?" "तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली, "ह्याला नव्हतं सांगितलं," आणि कोपर दाखवलं. चष्मेवालीच्या तोंडाचा कोपरा हलला. तिनं तर्जनी ठेवली. लाल. छातीत काहीतरी पायरी चुकल्यासारखं खाली गेलं. बारकीची पाठ, माईनं घातलेली वेणी. आणि त्या घसरण्यातच, क्षणभर, अगदी क्षणभरच, तिला बरं वाटलं. तेच बरं वाटणं. उंबऱ्यावरचं. चला, आपल्या हातात नव्हतं, मशीननंच नाही म्हटलं, आता कुणाचं कुणापासून काही काढून घ्यायला नको. ती दचकली. तिनं बोट काचेवरून उचललं नाही.

"थांबा," चष्मेवाली म्हणाली. उठून काउंटरला वळसा घालून आली. हात लावायची बहुधा परवानगी नसावी, कारण तिनं आधी मागे वळून बघितलं. मग तिचं बोट धरलं, त्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडली, जशी आई लेकराच्या भाजल्या बोटावर सोडते, आणि नखाच्या बाजूनं आपल्या अंगठ्यानं दाबून ते काचेवर हळू लोळवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिला आठवेना, शेवटचा आपला हात कुणी असा जपून धरला त्याला किती काळ झाला. धरणारी ती असायची. तिचं बोट दुसऱ्याच्या हातात कसं निर्जीव, आज्ञाधारक पडून होतं, तिच्या म्हाताऱ्यांसारखं. हिरवा. "आलं," चष्मेवाली म्हणाली. मग दुसरं, तिसरं. डाव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत लागली नाहीत. "आठ चालतात," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली, पुन्हा चष्मेवाली झाली. "अर्ज पुरा झाला. मुलीचं वय आजच्या तारखेनं धरतील. पुढचे!"

हॉलबाहेरच्या फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, तिनं फोन लावला. अर्धं कपाळ, छत, माई. "झालं," ती म्हणाली. माईनं फोन उगाच सरळ धरला. मग म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं ना, तेल गरम करून," आणि फोन बारकीकडे देऊन पडद्याबाहेर गेली. भांड्यांचा आवाज आला, इतका की घरात जेवढी भांडी नव्हती तेवढ्या भांड्यांचा. बारकी पडद्यात होती. मोठी झाली होती. माईसारखी मान करून बघायला लागली होती. "आई, माई पण येऊ शकते का?" "नाही गं. त्यांच्या कायद्यात मावशी बसत नाही." "पण मला तर तिनंच..." बारकी थांबली. वाक्य तिनं हातानं पुसावं तसं पुसलं, आईला लागू नये म्हणून. ती नम्रता पुन्हा. आणि तिला वाटलं, नको, ही नम्रता नको, ओढतंय म्हण, ओरड. "बारके," ती म्हणाली, आणि ह्या वेळी तो आवाज नव्हता, कुठला होता ते तिलाही ओळखू आलं नाही, घोगरा, न वापरलेला. "बोल की पुरतं. तिनंच वाढवलं. खरंच आहे. मी नाही वाढवलं. तुला यायचं नसेल तर नको येऊस. दार उघडं करून ठेवलंय एवढंच. आत यायलाच पाहिजे असं नाही." मागची भांडी वाजायची थांबली. मग बारकी म्हणाली, "तू त्या दिवशी गेलीस ना, मी मुद्दामच वर बघितलं नव्हतं." "मला वाटलं पेन्सिलीचं साल..." "ते केव्हाच तुटलं होतं," बारकी म्हणाली. "येते. बघते येऊन. पण माईचं काहीतरी कर." "काय करू?" "मला काय माहीत? तू मोठी आहेस ना?"

ती आश्रमात परतली तेव्हा ऊन जिन्याशेजारच्या खोलीत पांघरुणावर आलं होतं. मोजे तिनं बसमध्येच काढून पिशवीत टाकले होते. "आठ!" शिडी ओरडली, "मग दोन बोटांनी अजून चोरी करता येईल!" आणि तिच्या पाठीत रट्टा घालून हसत निघून गेली. टेलरबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली आणि हात पांघरुणावर, त्यांच्या हाताशेजारी, उताणा ठेवून दिला. 'मीच ती' असं म्हणाली नाही. पटवायला गेली नाही. बऱ्याच वेळानं किनार तपासत तपासत टेलरबाईंची बोटं तिथे पोचली, थबकली. अंगठा तिच्या तर्जनीच्या टोकावर आला. फिरला. उलटा फिरला. चिमटीत धरून ओढून पाहिलं, दुकानात ताग्याचं टोक ओढून पाहतात तसं. "नवंय," टेलरबाई म्हणाल्या. "हो." "कुठून आणलं?" "लांबून." "हं." त्यांनी नखानं वीण टोकरली. "दिसायला बरंय. पण नव्या कापडाचं काय, कांजीवर सगळीच ताठ उभी राहतात. एकदा पाण्यातून काढल्याशिवाय काही सांगता यायचं नाही. आटतं की रंग सोडतं."

"काढते," ती म्हणाली, आणि उठून बेसिनपाशी गेली. क्षणभर थांबून आठही बोटं, आणि ती दोन, खिडकीच्या उजेडात एकदा बघून घेतली. मग कोपरानं नळ उघडला.